मुरानोच्या आधी सराफ बाजार

पंचवटी, नाशिक
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचा हाताने काढलेला नकाशाही मिळाला. इटलीतलं मुरानो, चेकमधलं याब्लोनेक, तुर्कस्तानातलं इझमीर, आफ्रिकेतला घाना. आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलीने, 'जमलं तर फिरोजाबाद'. नोकरी सोडायची, वर्षभर काचेचे मणी करणाऱ्यांच्या दारोदार फिरायचं आणि शिकायचं, असा तुझा बेत. घरचे काय म्हणतात ते तू लिहिलेलं नाहीस, त्यावरूनच काय ते समजले. तू जा. आईशी बोलायचं माझ्याकडे लागलं. फक्त यादीचा क्रम मला पटलेला नाही. पेन्सिलीने लिहिलेलं आधी आणि पेनाने लिहिलेलं नंतर, असं कर. का ते सविस्तर सांगते, चहा घेऊन बस.

काचेच्या कामात बघणाऱ्याचे डोळे नेहमी ज्योतीवर खिळलेले असतात. काचेची कांडी वितळते, लोखंडी सळईवर गुंडाळली जाते, केशरी गोळा फिरत राहतो, त्यावर ठिपके बसतात आणि बघणारा खूश होतो. व्हिडिओही तेवढंच दाखवतात. पण तो मणी टिकणार की महिन्याभराने कुणाच्या गळ्यातच त्याची दोन शकलं होणार, हे बरंचसं ज्योतीबाहेर आल्यावर ठरतं. म्हणून कुठेही गेलीस तरी माल थंड कसा करतात ते आधी बघ, आणि टाकलेला माल कुठे पडतो ते विचारून घे. तयार मण्यांच्या ताटाभोवती सगळेच गोळा होतात. तू फुटक्या मालाच्या ढिगापाशी जाऊन बस. सळईवरच चिरलेला, भोकाशी कंगोरा राहिलेला, दोन रंगांच्या सांध्यावर उकललेला, पोटात बुडबुडा धरलेला, असे नग निवडून काढ आणि हा का गेला, ते विचार. कौतुक केलं तर कारागीर मान डोलावतो आणि पुढच्या कामाला लागतो. फुटका मणी समोर धरलास तर हातातलं काम ठेवून बोलायला लागतो, कारण आता समोरच्याला काहीतरी कळतंय असं त्याला वाटतं.

हा प्रश्न विचारायचा तर तुला स्वतःला या सगळ्या तऱ्हांनी मणी फोडून झालेले हवेत. म्हणून पहिला मुक्काम नाशिकच.

सराफ बाजारात पटवेकरी बसतात, तुला माहीत आहे. पोत ओवणं, डोरली गाठणं, गोफ वळणं ही त्यांची कामं. त्यातल्या एका म्हाताऱ्या पटवेकऱ्याकडे मी माझे सुरुवातीचे मणी घेऊन गेले होते, निळ्यावर पांढरे ठिपके, मला फार आवडलेले. त्यांनी रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. रेशमी दोरा भोकातून घातला, एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं, दुसरं हातात धरून मणी त्या ताणलेल्या दोऱ्यावर चारदा मागेपुढे सरकवला आणि मग दोरा नखावरून फिरवून बघितला. तूस निघालेली होती. "बाई, हा मणी दोरा खातो," एवढंच म्हणाले आणि परत दिला. त्या दिवसापासून मी मण्याची परीक्षा भोकाकडून करते, तूही तशीच कर. सळईवर काच जितकी पसरट टेकवली असेल तितका तिच्यावर भर हवा. भर कमी पडला की कडा सळईला चिकटून टोकदार राहतात. भर पुरेसा असला की वितळलेली काच स्वतःच गोल व्हायला बघते आणि दोन्ही टोकांना आत वळून खळी पडते. ही खळी दिसली की दोरा सुरक्षित आहे असं समज. मणी सुटावा म्हणून सळईला लावलेला मातीचा लेप भोकात उरतो, तो मात्र पाण्याखाली धरूनच हिऱ्याच्या कानशीने साफ करायचा. कोरडा खरवडलास तर ती धूळ थेट छातीत जाते.

सळईवरचा लेपही शिकण्याची गोष्ट आहे. पातळ झाला तर मणी सळई सोडत नाही, जाड झाला तर कामाच्या मध्येच पापुद्रा सुटून मणी सळईभोवती गरगरतो. लेप लावलेल्या सळया रात्रभर सुकू द्याव्यात हे मला आपल्या पावसाळ्याने शिकवलं. इथल्या थंडीने आणखी एक शिकवलं. निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली की आमच्या खोलीतही सकाळी गॅसचा दाब पडतो, कारण सिलिंडरातल्या द्रवाची वाफ थंडीत कमी होते; ज्योत मऊ पडते. आणि उघड्या खिडकीतून वाऱ्याची एक झुळूक आली तर समोरच्या मण्याचा टिक्‌ असा आवाज येतो. तो आवाज ओळखीचा होईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नकोस.

आता थंड करण्याबद्दल. काच बाहेरून लवकर आवळते, आतून उशिरा. त्या ओढाताणीत ताण आत अडकून राहतो आणि मणी वरून अगदी धडधाकट दिसतो. तो ताण घालवायला मणी पुन्हा एका ठरावीक तापमानाला काही वेळ धरून मग सावकाश खाली आणावा लागतो, त्यालाच आपण ॲनिलिंग म्हणतो. आपण वापरतो त्या मुरानोच्या मऊ कांड्यांना साधारण ५१० ते ५२० अंश सेल्सिअस लागतं. प्रयोगशाळेच्या भांड्यांची बोरोसिलिकेट काच असेल तर ५६५ च्या आसपास. लहान मण्याला अर्धा तास पुरतो, जाड मण्याला जास्त. गरम राखेत किंवा सिरॅमिक लोकरीच्या घडीत खुपसून ठेवलेला मणी हळू थंड होतो, तडकत नाही, पण त्याला ॲनिलिंग म्हणू नये. विकायचा माल किल्नमधूनच, म्हणजे तापमान धरून ठेवणाऱ्या भट्टीतूनच, गेला पाहिजे, यावर मी वाद घालत नाही.

ताण उरलाय का हे घरच्या घरी बघता येतं, आणि ही युक्ती मला फार आवडते. लॅपटॉपच्या पडद्यावर कोरं पांढरं पान उघड. त्या पडद्याचा उजेड मुळातच एका दिशेने गाळलेला असतो. डोळ्यावर पोलराइज्ड गॉगल लाव, मान तिरकी करत जा. एका कोनात पडदा काळा पडेल. आता पडदा आणि गॉगलच्या मध्ये पारदर्शक मणी धर. मण्यात ताण नसेल तर तोही काळाच दिसतो. ताण असेल तर भोकाभोवती उजेडाचे कवडसे, कधीकधी रंगसुद्धा दिसतात. अपारदर्शक मण्याला हे चालत नाही. पण कुणाच्याही कारखान्यात गेलीस तरी त्यांच्या पारदर्शक मण्यांतला एखादा विकत घेऊन रात्री मुक्कामावर हे करून बघ. कारखान्याची शिस्त कळेल.

कांड्यांबद्दल तू विचारलंस. सगळ्या काचा तापल्यावर सारख्या फुगत नाहीत. १०४ प्रसरणांकाच्या कांडीत ९० ची काच मिसळलीस तर मणी करताना काही कळणार नाही, थंड झाल्यावर सांधा उकलेल. म्हणून प्रवासात कुठेही कांड्या घेतल्यास तरी त्या घेतलेल्या ठिकाणची चिठ्ठी बांधून वेगळ्या ठेव. रंगांचीही आपापसांत भांडणं असतात. हस्तिदंती कांडीत गंधक असतं, फिरोजी कांडीत तांबं. दोन्ही एकमेकांना टेकले की मध्ये काळपट रेघ उमटते. काहीजण ती रेघ मुद्दाम काढतात, छान दिसते. आणि आपल्या पोतीचा काळा रंग? काळ्या कांडीचं टोक वितळवून केसासारखी तार ओढ आणि उजेडात धर. बऱ्याचदा ती जांभळी निघते. काच काळी दिसावी म्हणून तिच्यात जांभळा रंग ठासून भरलेला असतो.

एवढं हाताला बसलं की पंजाब मेल. नाशिकरोडला बसायचं, आग्रा कॅन्टोन्मेंटला उतरायचं. मुक्काम आग्र्यात ठेव, तिथून फिरोजाबाद रोज जाऊन येण्यासारखं आहे. हाथरस जिल्ह्यातलं पुरदिलनगरही त्याच टापूत येतं. वाराणसीच्या काचमण्यांना भौगोलिक मानांकन आहे, तिकडे जायला महानगरी एक्सप्रेस आहे. पण तिथली मोठी घराणी निर्यातीच्या कामात असतात, ओळखीशिवाय आत घेत नाहीत. तू पुरदिलनगरपासून सुरुवात कर. तिथे घराघरातून मणी होतात, दारं उघडी असतात, आणि बायकामुलांशी बोलता येतं.

फिरोजाबादला मात्र मण्यांसाठी म्हणून जाऊ नकोस, बांगडी बघ. भट्टीतली काच फिरत्या रुळावर मळसूत्रासारखी गुंडाळतात. ते वेटोळं उतरवून एका रेषेत कापलं की एकेक उघडी कडी सुटते. कडीची टोकं वरखाली असतात. ती एका पातळीत आणायची ती सदाई, आणि छोट्या ज्योतीवर टोकाला टोक जोडायचं ती जुडाई. ही कामं मुख्यतः घरात होतात, आणि बऱ्याच ठिकाणी बायकाच करतात. जुडाई करणाऱ्या बाईचे हात बघ. ती ज्योतीत कडी धरते तो वेळ इतका थोडा असतो की तू तोंडाने एक-दोन म्हणेपर्यंत पुढची कडी हातात आलेली असते, आणि सांधा शोधून सापडत नाही. किती ताव पुरे, याचा एवढा नेमका अंदाज मी आणखी कुठे बघितलेला नाही. इंधनाचंही बघ. ताजमहालाच्या बचावासाठी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या परिसरातल्या कारखान्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूवर या, नाहीतर दुसरीकडे हला, असं बजावलं. फिरोजाबादच्या भट्ट्या गॅसवर आल्या. इंधन बदललं की ज्योत बदलते आणि ज्योत बदलली की रंगही वेगळा वागतो. म्हाताऱ्या माणसांना हा विषय काढून दे, तासभर ऐकायला मिळेल.

वागण्याबद्दल चार शब्द. पहिल्या दिवशी मोबाइल बाहेर काढूच नकोस. त्या घरांमधली हवा, उजेड, मजुरी बघून तुला वाईट वाटेल. वाटू दे, पण त्याचे फोटो काढून तुझ्या पेजवर टाकायचा तुला हक्क नाही. शिकवणीचे पैसे आधी ठरव आणि घरातली जी बाई प्रत्यक्ष शिकवेल तिच्या हातात दे, दलालाच्या हातात नको. रंगाची कृती विचारू नकोस. सांगणार नाहीत, आणि सांगितली तरी त्यांच्या भट्टीशिवाय ती तुझ्या कामाची नाही. त्यापेक्षा, 'मी बसून एक ताट माल निवडून देऊ का?' असं विचार. निवडायला बसवलं की दिवसभराची चूक-बरोबर तुझ्या हातून जाते, आणि तू पाहुणी राहत नाहीस. एकटी जाऊ नकोस, निदान पहिल्या खेपेला. तुझा तो आर्किटेक्चरवाला मामेभाऊ रिकामाच आहे ना?

दक्षिणेत पापनायडुपेट आहे, आंध्रात, तिरुपतीजवळ. तिथल्या जुन्या पद्धतीची नोंद अमेरिकन अभ्यासक पीटर फ्रान्सिस यांनी करून ठेवली. ही पद्धत सळईवर मणी गुंडाळण्याची नव्हे. लाडा नावाच्या लांब पोकळ लोखंडी नळीवर काचेचा भलामोठा गोळा घ्यायचा, त्याच्या पोटात पोकळी राखायची आणि भट्टीच्या तोंडातून त्याची नळी ओढत राहायची, तासन्‌तास. ओढणाऱ्याला ती काच एकतारी पाकासारखी सलग येत राहायला हवी. नळ्यांचे बारीक तुकडे पाडायचे आणि राखेत घोळवून तापवायचे म्हणजे कडा गोल होतात. राखेमुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि भोकंही बुजत नाहीत. पुदुच्चेरीजवळ अरिकामेडूला मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ मध्ये उत्खनन केलं. तिथे अशा ओढीव मण्यांचा खच निघाला. आग्नेय आशियापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत हे बारीक एकरंगी मणी सापडतात. त्यांना इंडो-पॅसिफिक हे नाव फ्रान्सिस यांनीच दिलं. म्हणजे तू ज्या जगभराच्या प्रवासाला निघाली आहेस तो प्रवास आपल्याकडच्या मण्यांनी फार आधी करून ठेवला आहे.

ओढीव कोणता आणि गुंडाळलेला कोणता, हे ओळखायला एक दहा पट भिंग घे. काचेतले बुडबुडे आणि रंगाच्या रेघा भोकाला समांतर धावत असतील तर मणी नळी ओढून केलाय. भोकाभोवती वळसे घेत असतील तर सळईवर गुंडाळलाय. हे डोळ्यांना बसवायला परदेशात जायची गरज नाही. धाराशिव जिल्ह्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय आहे, सातवाहन काळातला माल तिथे आहे. तेर, पैठण, नेवासे, सगळीकडे काचेचे मणी मिळालेले आहेत. आपल्या गोदाकाठच्या मातीच्या गढीवरही १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी खणलं होतं. आणि भारतीय काचेचा पहिला सविस्तर इतिहास लिहिणारे मोरेश्वर गंगाधर दीक्षितही मराठीच. पुण्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आहे, तिथे आधी पत्र पाठवून जा. रोज गढीच्या अंगाने जाऊन-येऊन आपण तिकडे मान वर करून बघत नाही, ते जाऊ दे.

आता मुरानो. तुझ्या यादीत ते पहिलं होतं, माझ्या यादीत ते उशिरा येतं. पण आलं की तिथे भरपूर दिवस ठेव.

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२९१ साली काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून मुरानो बेटावर नेल्या. आगीची भीती हे कारण सांगतात. कारागीर एका बेटावर आले की त्यांच्यावर आणि त्यांच्या गुपितांवर नजर ठेवणंही सोपं झालं. उस्तादांना बेट सोडून परमुलखात जायची बंदी असे. आज बोटीतून उतरलीस की लगेच कुणीतरी तुला फुकट खेळ बघायला बोलावेल: काचेचा घोडा अर्ध्या मिनिटात तयार, टाळ्या, आणि दार थेट दुकानात उघडतं. बघायचा तर एकदा बघ. शिकण्यासारखं त्यात काही नाही, आणि दुकानातला सगळाच माल मुरानोचा असतो असंही नाही. अस्सल मालासाठी व्हेनेतो प्रांताचं 'वेत्रो आर्तिस्तिको मुरानो' हे चिन्ह आहे, ते शोध.

काच संग्रहालय तिथे १८६१ पासून आहे. तिथे रोझेत्ता मण्यांपुढे उभी राहा. कांडीतच थरावर थर चढवतात, प्रत्येक थर ताऱ्याच्या साच्यात दाबलेला. मग कांडी ओढून लांब करतात, तुकडे करतात आणि टोकं घासतात. घासल्यावर आतले तारे बाहेर येतात. म्हणजे इथे निम्मी कला भट्टीत आहे आणि निम्मी सहाणेवर. हे मणी अनेक शतकं आफ्रिकेच्या व्यापारात फिरले, आणि त्या व्यापारात माणसांचीही खरेदी-विक्री होत होती, हेही त्यांच्याकडे बघताना लक्षात असू दे.

मला स्वतःला तिथे सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर मणी ओवणाऱ्या बायकांचे जुने फोटो. इंपिरारेसे म्हणत त्यांना. गल्लीत दारासमोर खुर्च्या टाकून बसायच्या, मांडीवर खोलगट लाकडी ताट, ताटात बारीक मणी, आणि हातात पंख्यासारख्या पसरलेल्या लांब सुयांचा जुडगा. तो जुडगा मण्यांत खुपसून काढायचा की प्रत्येक सुईवर मणी चढलेले. गप्पा चालू, हात चालू. आमच्या भद्रकालीतल्या बायका शेवया करतानाच्या अगदी त्या बसण्यात होत्या. उस्तादांची नावं भिंतीवर आहेत, या बायकांची फारशी कुठे नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने इटली आणि फ्रान्स या दोघांच्या मिळून काचमण्यांच्या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आज व्हेनिसमध्ये ज्योतीवर मणी करणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत, छोट्या दुकानात मागे टॉर्च, म्हणजे गॅसच्या ज्योतीचा बर्नर, लावून बसलेल्या. शिकायचं ते त्यांच्याकडे. आधी ईमेल कर, तुझ्या मण्यांचे फोटो पाठव, त्यात एक फुटलेलाही पाठव आणि तो का फुटला याबद्दल तुझा अंदाज लिही. या ईमेलला उत्तर येतं. 'मला तुमची कला फार आवडते' या ईमेलला येत नाही.

याब्लोनेकला आठवडा पुरे. चेकमधला तो भाग दाबून केलेल्या मण्यांचा: कांडीचं टोक तापवायचं, साच्याच्या चिमट्यात दाबायचं, त्याच वेळी सुई आरपार जाऊन भोक पडतं. काच आणि दागिन्यांचं संग्रहालय उत्तम आहे. जवळच पोनिक्ला नावाच्या गावात नळी तापवून साच्यात फुंकून एकसलग मण्यांची माळ काढतात, नाताळच्या झाडासाठी. हेही २०२० च्याच यादीत आहे. बघ, आणि पुढे नीघ.

इझमीरजवळ गोरेजे आणि नझरकॉय ही गावं नजर न लागण्याचे निळे डोळे करतात. लाकडाची भट्टी, भोवती बसलेले कारागीर, दोन हातांत दोन लोखंडी सळया. तिथे वेग शीक. निळ्यावर पांढरा, त्यावर आकाशी, त्यावर गडद ठिपका, आणि प्रत्येक थेंब टेकवताना खालची काच किती गरम हवी याचा निवाडा हातच करतात.

घानाबद्दल मात्र जरा थांबून लिहिते, कारण तुझ्या पत्रात 'आफ्रिकन डिझाइनची सिरीज करायची आहे' असं वाक्य आहे. क्रोबो लोकांचे मणी काच वितळवून गुंडाळलेले नसतात. बाटल्या कुटून पूड करतात, चाळतात, मातीच्या साच्यातल्या खड्ड्यांत रंगांचे थर देऊन भरतात. मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात. भट्टीत देठ जळून जातो आणि भोक राहतं. गरम असतानाच दोन टोच्यांनी मणी फिरवून गोल करतात, नंतर दगडावर वाळू-पाण्याने घासतात. टॉर्च लागत नाही, ऑक्सिजन लागत नाही. आपल्याकडे करून बघायला ही पद्धत सगळ्यात स्वस्त, फक्त काच कुटताना आणि चाळताना चांगला मास्क हवाच. पद्धत शीक, मनापासून शीक. पण ते मणी त्यांच्या मुली दीपो या वयात येण्याच्या विधीत अंगभर घालतात. कोणता नमुना कशासाठी, हे त्यांच्यात ठरलेलं असतं. ते नमुने उचलून गंगापूर रोडवरच्या प्रदर्शनात 'ट्रायबल कलेक्शन' म्हणून मांडलेस तर मी स्टॉलवर येऊन भांडेन. आपलं डोरलं कुणी कुत्र्याच्या पट्ट्याला लावून विकलं तर कसं वाटेल? त्या पद्धतीत तू गोदावरीची वाळू वापर, कोरी हिरवी बाटली वापर, आणि नमुना तुझा काढ.

पैशाचं. सगळी शिल्लक प्रवासात घालू नकोस. परत आल्यावर किल्न, कंट्रोलर आणि सहा महिन्यांचा गॅस एवढं बाजूला काढून मग तिकिटं बघ. टॉर्चला घरगुती सिलिंडर लावायचा नाही, तो गुन्हा आहे. १९ किलोचा व्यावसायिक घे. ऑक्सिजनची भरलेली नळकांडी सातपूर-अंबडला मिळतात, पण एकटीला उचलायला जड. सुरुवातीला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बरा, कोविडमध्ये लोकांनी घेऊन ठेवलेले जुने कमी भावात मिळतात. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हात कधीही लागता कामा नये, भडका उडतो. आणि डिडिमियमचा चष्मा स्वतःचा घे, कुणाचा मागू नकोस. तापलेल्या काचेतला सोडियम पिवळा झोत फेकतो, त्यात मण्याचा आकारच दिसत नाही. हा चष्मा नेमका तो पिवळा खातो. नुसता काळा गॉगल घालून काम करणारे तुला भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.

वही ठेव. तिच्यात कृती लिहू नकोस, त्या कुठेही मिळतात. कारागीर कधी गप्प झाला, कोणत्या आवाजाला त्याने मान वर केली, मणी ज्योतीबाहेर काढून किती वेळ हवेत धरला, लाली उतरेपर्यंत की त्याच्याही पुढे, हे लिही. मणी किल्नमध्ये ठेवायची नेमकी वेळ प्रत्येकाची वेगळी असते. पृष्ठभाग बसला पाहिजे, नाहीतर शेजारच्याला चिकटेल. पण फार थांबलं तर तडकेल. पुरदिलनगरच्या आजीबाई मणी गालाजवळ नेऊन धग बघायच्या. मुरानोची बाई सावलीत, टेबलाखाली धरून उरलेली लाली बघायची. दोघी बरोबर होत्या.

आईला म्हणावं, मी फोन करणार आहे, पण त्याआधी तू तिला एक मणी करून दे. दोरा न खाणारा. सराफ बाजारात जाऊन ओवून घे, पटवेकऱ्याने परत केला तर दुसरा कर.

माझ्याकडचा जुना टॉर्च तुला लावून देते, तो इथेच वापरायचा, घरी न्यायचा नाही. सिलिंडर मंगळवारी येतोय, त्यामुळे बुधवारनंतर कधीही ये. सकाळी दहाच्या आत नको, थंडीने ज्योत धड लागत नाही. लॅपटॉप आण, पोलराइज्ड गॉगल माझ्याकडे आहे. सुती कपडे घाल, तुझी ती सिंथेटिक ओढणी घरी ठेव.

तुझी,
काचवाली मावशी